कांदा नाही, म्हणून सहल जैन?



दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले आहेत आणि यंदा आपल्या बायकांच्या बोलण्यात एक नवा शब्द आला आहे. कॅरॅव्हॅन. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे चाकावरचं घर. पुढे ड्रायव्हर, मागे झोपायच्या जागा, छोटा ओटा, गॅस, सिंक, फ्रीज, पाण्याची टाकी आणि संडाससुद्धा. अमेरिकेत याला आरव्ही म्हणतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईला ही गाडी भाड्याने मिळते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. गाडी घ्यायची, कोकणात उतरायचं, समुद्राजवळ दोन रात्री मुक्काम करायचा आणि परत यायचं. बेत छानच आहे. माझा वाद गाडीशी नाही.

माझा वाद एका वाक्याशी आहे. देवदर्शन करून बाहेर पडताना, लग्नाच्या मांडवात, वाणाच्या दिवशी, गेले वर्षभर मी ते ऐकते आहे. "आपल्या लोकांसाठी हीच सहल बरी. स्वयंपाकघर सोबत, बाहेरचं खाणं नाही, कांदा-लसूण नाही, सगळं जैन."

हे वाक्य खोटं आहे. आणि ज्या बाईला त्या ओट्यापाशी उभं राहायचं असतं तिच्या तोंडून ते मी फार कमी वेळा ऐकलं आहे. ते म्हणतात घरातले पुरुष, किंवा ज्यांनी ओटा सुनेवर सोपवून दहा वर्षं झाली त्या सासवा.

गेल्या जानेवारीत आमच्या नात्यातली दोन कुटुंबं अशी जाऊन आली. दोघे भाऊ, दोघी जावा, तीन मुलं. बडनेऱ्याहून रेल्वेने पुणे, पुण्यात भाड्याची कॅरॅव्हॅन आणि एक कार, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून गुहागरच्या बाजूला. दोन रात्री समुद्राजवळ सुरूच्या झाडांत मुक्काम. परत आल्यावर भावांनी सांगितलेली सहल मी ऐकली आणि मग दोघी जावांना वेगवेगळं विचारलं. दोन निराळ्या गाड्या गेल्या होत्या की काय, असं वाटावं इतका फरक!

भावांच्या सहलीत सूर्यास्त होता. मोठा, लालभडक, पाण्यात बुडणारा सूर्य. फोटोच फोटो. त्या फोटोंत दोघी जावा एकदाही नाहीत. थोरली मला म्हणाली, "मी तं समुद्राकडे पाठ करूनच उभी होती वो. ओटा त्या बाजूनं नव्हता."

यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही. जे काटेकोर पाळतात ते सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, ताट उचलतात. जानेवारीत गुहागरला सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. आपल्या वऱ्हाडापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं उशिरा, कारण आपण किती तरी पूर्वेला. म्हणजे साडेपाच-पावणेसहाला सात ताटं उचलली गेली पाहिजेत. त्यासाठी चार वाजता कणीक मळायला घ्यायची. दोन हात रुंद ओट्यावर, एका वेळी एकच पोळी मावेल अशा तव्यावर, वाकून. मग ताटं झाली की भांडी, कारण फ्रीजएवढ्या जागेत खरकटी भांडी ठेवणार कुठे? भांडी संपतात तेव्हा काळोख पडलेला असतो. माणसं समुद्रावर जातात ती मुख्यतः संध्याकाळ बघायला. आणि नेमकी तीच वेळ आपल्या धर्माने जेवणाची शेवटची वेळ ठरवलेली आहे. घरातल्या सगळ्यांनी रात्रिभोजनाचा त्याग पाळला, आणि त्यासाठी समुद्र कुणी सोडला? दोघींनी.

घरी हे चालून जातं, कारण घरी पश्चिमेला समुद्र नसतो, शेजारच्यांची भिंत असते. रिद्धपुरात संध्याकाळी पाच वाजता मी चुलीपाशी असले तर माझं काही बुडत नाही. सहलीत बुडतं. आणि बाई म्हणून पुन्हा विचार करा. हॉटेलात गेलो असतो तर निदान भांडी तरी घासावी लागली नसती. मुक्तागिरीला जातो तेव्हा चांदूर बाजार, परतवाडा करत पोचतो, डोंगर चढतो, बावन्न मंदिरांची वंदना करतो, खाली येतो आणि भोजनशाळेत पंगतीला बसतो. बसतो! आपल्या पानात कुणी तरी वाढतं. यात्रेत बाईला जी विश्रांती मिळते ती या नव्या सुट्टीत काढून घेतली गेली आणि वर तिला सांगितलं गेलं की बघ, तुझं स्वयंपाकघर सोबत आणलं. बाप्पा! मी मागितलं होतं का ते?

बरं, एवढं करून ते स्वयंपाकघर तरी जैन असतं का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण कांदा नसला की आपल्याला पुरतं. आपला स्वयंपाक कांद्यावर नाही, मर्यादेवर उभा आहे. गाळलेलं पाणी दोन घटकांचं. त्यानंतर पुन्हा गाळायचं. उकळलेलं पाणी चोवीस तासांचं. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. आणि गाडीत? टाकीत पुण्यातल्या कुठल्या तरी बोअरचं पाणी, नळीने भरलेलं, न गाळलेलं, तीन दिवस हिंदकळत राहिलेलं. त्याच पाण्याने भाजी धुवायची, त्यानेच कणीक मळायची. टाकी उघडून बघायची सोय नसते. धाकटीने नळाला गाळणं बांधलं होतं. तिचं कौतुक. पण गाळण्यात राहिलेली जिवाणी कुठे सोडायची? ज्या विहिरीचं पाणी तिच्यातच ती परत सोडावी, हा आपला नियम. म्हणजे आपल्या आज्या गाळणं उलटं करून, पाण्याची धार लावून ते न दिसणारे जीव त्यांच्या घरी परत पाठवत होत्या. इथे विहीर कितीतरी मागे राहिली. सिंकमध्ये टाकलं. सिंकचं पाणी गाडीखालच्या टाकीत, आणि ती टाकी कुठे रिकामी झाली हे दोघींपैकी कुणालाच ठाऊक नाही. ड्रायव्हरने केली म्हणे, परतीच्या वाटेवर कुठेशी.

साबणाचं पाणी आणि संडासाचं पाणी हा या गाड्यांचा मोठा प्रश्न आहे, आणि ज्या देशांत या गाड्या मुरलेल्या आहेत तिथे टाकी रिकामी करायच्या ठरलेल्या जागा असतात, त्याचे नियम असतात. आपल्याकडे तशा सोयी असलेले कॅरॅव्हॅन पार्क हळूहळू व्हायचे आहेत. तोवर गाडी थांबते ती आंब्याच्या बागेत, सुरूच्या बनात, ओढ्याच्या काठी. टाकीचा बोळा काढला की झालं. ज्या समाजात एका गाळण्यातल्या जिवाणीसाठी विहिरीपर्यंत परत चालत जायची रीत आहे, त्या समाजाला आपल्या मागे काय सांडत गेलं हे विचारावंसं वाटू नये?

इथवर स्वयंपाकाबद्दल बोलले, कारण तेवढंच आपल्याला सहज दिसतं. आता ओट्याच्या पुढे जाते. माझं खरं भांडण तिथे आहे.

त्या गाडीत मधे एक पडदा होता, ओटा आणि ड्रायव्हरची सीट यांच्या मधे. पडद्याच्या मागे सगळ्या गोष्टींना नियम होता. कुठलं पीठ, किती वाजेपर्यंत, कुठलं पाणी, बटाट्याऐवजी कच्चं केळं, डाळीच्या पिठासोबत कच्चं दही नको, चतुर्दशी असेल तर हिरवी भाजी नको. पडद्याच्या पुढे एकाही गोष्टीला नियम नव्हता. किती वाजेपर्यंत गाडी चालवायची, किती जोरात, कुठे न्यायची, रात्री किती दिवे लावायचे, काहीच नाही. अहिंसा पडद्यापाशी संपत होती. बाईच्या हातात जे जे होतं ते व्रत, आणि पुरुषाच्या हातात जे होतं ती मजा.

रात्रीचं जेवण आपण का सोडलं? पाठशाळेतली मुलंही सांगतील. अंधारात जीव दिसत नाहीत, आणि दिवा लावला तर त्यावर किडे येतात, अन्नात पडतात, मरतात. म्हणून. पण "वेळ वाचतो" म्हणून पुण्याहून रात्री नऊला निघालेली गाडी, दोन मोठे दिवे पेटवून पहाटेपर्यंत घाटातून चालते. सकाळी तिची काच बघा एकदा. चिकटलेले, चिरडलेले, पंख तुटलेले. एका पोळीत एक पाखरू पडलं तर आपण ताट बाजूला सारतो. काचेवरची शेकडो पाखरं वायपरने पुसतो आणि म्हणतो, चहा घेऊ या. रात्री जेवायला बंदी, रात्री चिरडायला नाही. हा कुठला हिशेब?

आणि मग वाळू. दुसऱ्या दिवशी भावांनी कार किनाऱ्यावर उतरवली. ओल्या वाळूवर गाडी पळवायची, पाणी उडवायचं, कुणी तरी व्हिडिओ काढायचा. कोकणातल्या किनाऱ्यांवर हे आता नेहमीचं झालं आहे आणि वाळूत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढणं हा गावकऱ्यांचा नेहमीचा ताप. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. आपल्याला ती बंदी सरकारने घालायची वाट का बघावी लागते?

वाळू रिकामी नसते, मैत्रिणींनो. ओहोटीला किनाऱ्यावर वाळूच्या बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी पडलेली दिसते. ती करतात बोटाच्या नखाएवढे खेकडे. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं वेगळं करतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. चाळणी घेऊन बसलेल्या बाईसारखे. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत मोठ्या खेकड्यांची बिळं असतात. वाळूखाली शिंपल्यांतले जीव असतात. शंख-शिंपला दोन इंद्रियांचा जीव, मुंगी तीन, माशी चार, हे आपण मुलांकडून घोकून घेतो. त्याच मुलांनी तिथे बादलीभर शंख गोळा केले, त्यातले काही चालते होते, आणि कुणी हटकलं नाही. घोकलेलं ते पुस्तकातलं, हे तर खेळणं.

कोरड्या वाळूत आणखी एक गोष्ट असते. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत, म्हणजे आपण सुट्ट्या काढतो नेमक्या त्याच दिवसांत, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री कोकणच्या किनाऱ्यावर येतात. दीड फूट खोल खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, पायांनी वाळू लोटून खड्डा बुजवतात आणि परत समुद्रात जातात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात आणि जिकडे उजेड दिसतो तिकडे चालतात, कारण मोकळ्या किनाऱ्यावर रात्री समुद्राची बाजूच उजळ असते. तिथे तंबूच्या दोऱ्यांना दिव्यांच्या माळा लावल्या, गाडीचे दिवे पाण्याकडे रोखून ठेवले, तर कासवीण अंडी न घालताच परत फिरते, आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडे जातात. चाकाची खोल चाकोरी तळहातापेक्षा लहान पिल्लाला ओलांडता येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी कासवांच्या दिवसांत समुद्राकडचे दिवे मालवायचा नियम केला आहे. त्या गावांत कुणी अहिंसा परमो धर्म अशी पाटी लावलेली नाही.

फ्लोरिडा लांब राहिलं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं छोटं गाव आहे. तिथे पूर्वी कासवाची अंडी माणसं काढून न्यायची, उरली तर कुत्री, कोल्हे उकरायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. रात्री-पहाटे किनाऱ्यावर फेरी, घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपणात तशाच खोल खड्ड्यात ठेवायची, पिल्लं निघाली की पाण्यापाशी सोडायची. आता लोक ते बघायला लांबून येतात आणि गावातल्या घरांत राहतात, जेवतात. गुहागरलाही घरटी राखली जातात. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या पाच कासविणींच्या पाठीवर उपग्रहाला कळणारं यंत्र बसवून सोडलं. २०२५ मध्ये तर ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक कासवीण गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या भारताला समुद्रातून वळसा घालून आलेली! आपल्याला बडनेऱ्याहून पुण्याला बसून जायचं म्हटलं तरी पाठ दुखते.

आता जे म्हणते ते काहींना टोचेल. किनाऱ्याच्या त्या गावांत मासे खाल्ले जातात. ज्यांच्या घराकडे आपण नाक धरून बघतो, ज्यांचं पाणी प्यायला आपण कचरतो, त्यांनी दुसऱ्याच्या अंड्यांसाठी थंडीतल्या रात्री जागवल्या. आणि कांदासुद्धा न खाणारे आपण, त्याच वाळूवरून गाडी पळवून आलो आणि घरी येऊन म्हणालो की सहल शंभर टक्के जैन झाली. मी मासे खाण्याची बाजू घेत नाही. मी एवढंच म्हणते की पंचेंद्रिय जीव त्या किनाऱ्यावर कुणी वाचवला आणि कुणी धोक्यात घातला, हे बघितलं तर आपली मान वर राहत नाही.

यावर दोन बाजूंनी बोललं जाईल, मला ठाऊक आहे.

एक बाजू म्हणेल, म्हणूनच सांगतो, जाऊच नका. श्रावकाला दिग्व्रत सांगितलं आहे, अनर्थदंड सांगितला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार आहेत त्यातल्या प्रमादचर्येत, विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं यांच्यासोबत विनाकारण भटकणं आणि दुसऱ्याला भटकायला लावणं हेही आहे. खरं आहे. पण हे वाक्य नेहमी कुणाला ऐकवलं जातं ते बघा. सून म्हणाली, मला एकदा समुद्र बघायचा आहे, की अनर्थदंड आठवतो. मुलगा वाळूवर गाडी गरागरा फिरवतो तेव्हा आठवत नाही, आणि तिथे तर माती, पाणी, भटकणं सगळं एकत्र आलं. शब्द 'विनाकारण' असा आहे. चाळिशी उलटेपर्यंत जिने समुद्र पाहिला नाही तिचं बघायला जाणं मला विनाकारण वाटत नाही. मुलांना दोन इंद्रियांचा जीव पुस्तकाबाहेर, हात न लावता, दाखवायला नेणं तर पाठशाळेचाच भाग झाला. आणि फिरण्याला आपल्या मातीत कधी कमीपणा नव्हता. आमचं रिद्धपूर महानुभावांचं काशीच. लीळाचरित्र इथे लिहिलं गेलं, आणि त्यात पानोपानी चक्रधर स्वामी गावोगाव फिरताना भेटतात. त्यांच्या साधकांना अटन सांगितलेलं आहे, आपल्या साधू-आर्यिकांना विहार. दोन्हीकडे फिरणं पायी, आणि खाली बघून. आपल्या साधूंची ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात जमीन न्याहाळून पाऊल टाकणं. चाकाला ईर्यासमिती नसते. ती चाक फिरवणाऱ्याला पाळावी लागते, आणि आपण त्याला ती कधी सांगितलीच नाही. त्याला फक्त डबा दिला.

दुसरी बाजू म्हणेल, अगं, दोन दिवसांचा स्वयंपाक तो काय! आम्ही तर छकड्यातून, दमणीतून यात्रेला जायचो, दगडांची चूल मांडायचो. आत्याबाई, तुम्ही गेलात हे खरंच मोठं. पण तुम्ही मला हेही सांगितलं आहे की त्या यात्रेला घरून दशम्या, लाडू, चटण्या निघायच्या. चूल मांडली जायची ती चार घरच्या बायका मिळून, आणि पाणी पुरुष भरून आणायचे. बैल रात्री चालवले जायचे नाहीत, त्यांना विसावा लागायचा, म्हणून माणसांनाही मिळायचा. तीच रीत धरा ना! चाकं चार झाली म्हणून पाणी भरायचं काम बाईवर का यावं?

माझ्या एका मैत्रिणीने सरळच विचारलं, मग करायचं काय, बाहेर जेवायचं का? ज्यांना चालतं त्यांनी जरूर जेवावं. गुहागर, वेळासच्या बाजूला घरगुती शाकाहारी जेवण मिळतं. कांदा-लसूण नको, कंद नको, आणि दिवसाउजेडी वाढा असं आदल्या दिवशी फोन करून सांगितलं तर करून देणाऱ्या बायका आहेत, आणि चार पैसे त्यांच्या हातात जातात. ज्यांना नेम म्हणून चालत नाही त्यांच्यासाठी तोड आपल्याच घरात आहे. दशमी, खाकरे, मेथीचे नको पण जिऱ्याचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले मुरमुरे, लाडू. संध्याकाळच्या जेवणाला गॅस पेटलाच पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? पाच वाजता सतरंजीवर सगळ्यांनी कोरडं खाल्लं, आपापली वाटी आपण पुसली, तर सहा वाजता सातही माणसं समुद्राकडे तोंड करून बसलेली असतील. ज्याला गरम फुलकाच हवा त्याने तो स्वतः भाजावा. रात्रिभोजनाचा त्याग त्याचाही आहे.

पाणी गाळायचं काम घरच्या पुरुषांना द्या. विनोद करत नाही. मंदिरात अभिषेकाचं पाणी गाळताना ते किती मन लावून गाळतात, जिवाणी कशी सोडायची हेही त्यांना येतं. तेच हात ओट्यापाशी आले की विसरतात हे मला मान्य नाही.

आणि बुकिंग करणाऱ्याला पैसे देण्याआधी तुम्ही स्वतः फोन घ्या. घरातल्या पुरुषाच्या हातून काढून घ्या हवं तर. विचारा, पाण्याची टाकी आतून कधी धुतली, आणि उघडून दाखवाल का. खालची टाकी कुठे रिकामी करता, गावाचं नाव सांगा. मुक्कामाची जागा वाळूपासून किती लांब आहे. सूर्यास्तानंतर गाडी उभी राहिली तर ड्रायव्हरला चालेल ना. मग घरात सांगा की गाडी दिवसा चालेल आणि डांबर संपतं तिथे थांबेल, पुढे पायी. समुद्राकडचे दिवे रात्री बंद. नोव्हेंबरनंतर जाणार असाल तर किनाऱ्यावर जाण्याआधी गावात कासवांची घरटी कुठे आहेत ते विचारून घ्या, गावातली माणसं आनंदाने सांगतात.

दोघी जावा यंदा पुन्हा जायचं म्हणत आहेत. धाकटीने नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे की कारची किल्ली किनाऱ्यावर तिच्याकडे राहील, आणि संध्याकाळी ओट्यापाशी कोण हे चिठ्ठी टाकून ठरेल, सातही नावं घालून.